वहीतला ‘चि.’ : नारायण पेठेतल्या एका बेपत्ता एअर गनरचं प्रकरण

नारायण पेठेतला एक वाडा पाडून तिथे इमारत उभी राहणार होती. वाड्याचे मालक, वय साठच्या पुढे, बँकेतून निवृत्त, एका सकाळी माझ्याकडे आले. मी लोकांच्या घरातले जुने कागद वाचून, लावून देतो. मोडी येते म्हणून माणसं शोधत येतात. यांचं काम त्यांच्या मते अर्ध्या तासाचं होतं. “आमचे चुलत आजोबा दुसऱ्या महायुद्धात पायलट होते. बर्मात शहीद झाले, बावीस वर्षांचे असताना. नव्या इमारतीच्या दाराशी संगमरवरी पाटी लावायचीय. मजकूर तेवढा नीट करून द्या, आणि तारीख मिळाली तर बघा.”

अर्ध्या तासाचं ते काम आठ महिने चाललं. पायलट, शहीद आणि बर्मा या तीन शब्दांपैकी शेवटी बर्मा तेवढा जागेवर राहिला. घरच्यांच्या इच्छेवरून इथे नावं दिलेली नाहीत. मालकांना मालक म्हणतो, त्यांच्या आत्यांना आत्या. त्यांना सगळी गल्ली आत्याच म्हणते, मीही म्हणू लागलो.

हाताशी काय होतं

फार थोडं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा वाड्याच्या तळमजल्यावर पुरुषभर पाणी होतं. पत्रं, तार, सरकारी कागद, सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत आणि ट्रंक तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर तिच्यातून चिखलाचा लगदा निघाला. एक फोटो वाचला, कारण तो भिंतीवर जरा उंच होता. त्याच्याही खालच्या भागावर गढूळ पाण्याची तपकिरी रेघ आहे. माळ्यावर लाल बासनात बांधलेल्या जमाखर्चाच्या वह्या मात्र कोरड्या राहिल्या. त्या पणजोबांच्या हातच्या, मोडीतल्या. मालकांनी त्या मला दाखवल्याही नव्हत्या. “त्यात काय, भाजीपाल्याचा हिशोब,” असं म्हणाले होते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे आत्या. सत्याऐंशी वर्षांच्या, काका गेला तेव्हा नऊ वर्षांच्या. त्याला पाहिलेलं, त्याच्याशी बोललेलं उरलेलं माणूस हे एवढंच.

मी फोटोपासून सुरुवात केली. खाकी अंगरखा, दंडावर तीन फिती, म्हणजे सार्जंट. डाव्या खिशाच्या वर एक बिल्ला. पाण्याची रेघ नेमकी त्याच्या खालून गेली आहे. भिंग लावून पाहिलं तर त्या बिल्ल्याला पंख एकच. वैमानिकाच्या छातीवर दोन पंख असतात, मधे चिन्ह. एक पंख आणि शेजारी गोलात अक्षरं असली, की तो विमानातला दुसरा माणूस: नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा किंवा गनर. इथे गोलात दोन अक्षरं दिसत होती. एअर गनर.

मालकांचा चेहरा उतरला. “म्हणजे पायलट नव्हते?” नाही म्हटल्यावर ते बराच वेळ फोटोकडे बघत बसले. लहानपणापासून शाळेत, बँकेत, सोसायटीत सांगत आलेले. एखाद्याला वाटेल की युद्धात मेलेला माणूस पुढच्या खुर्चीवर बसला होता की मागच्या, याने काय फरक पडतो. पडतो. दोन कारणांनी. एक म्हणजे चुकीच्या यादीत शोधत राहाल तर जन्मभर सापडणार नाही. दुसरं, मागच्या खुर्चीवर बसणारी ही मुलं तशीही कुणाला आठवत नाहीत; त्यात घरच्यांनीच त्यांना पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवलं तर ती दुसऱ्यांदा हरवतात.

आत्यांना मी बिल्ल्याबद्दल काही न सांगता नुसतं विचारलं की काका कसा होता. त्या म्हणाल्या, “जेवताना ताटाच्या कडेवर बोटाने टकटक करायचा. सारखं. आजोबा ओरडायचे, अन्नावर बसून ताल धरू नये. तो हसायचा नि म्हणायचा, ताल नाही, मी हिचं नाव वाजवतोय.” ताटाची कड, तांब्या, पाट, जे हाताखाली येईल ते. रजेवर आलेला मुलगा पुतणीला मोर्समध्ये, म्हणजे तारायंत्राच्या टकटकीच्या लिपीत, तिचं नाव वाजवून दाखवत होता. त्या काळी गनरला बहुतेक वेळा वायरलेसचंही काम असे. तेव्हा हा वायरलेस ऑपरेटर आणि एअर गनर, दोन्ही.

मागे तोंड करून बसणारा

दुसऱ्या महायुद्धात भारतीय हवाई दल लहान होतं. १९३९ साली सोळा अधिकारी आणि १४४ माणसं, ज्यांना तेव्हा ‘हवाई सिपाही’ असा हुद्दा होता. युद्ध संपेपर्यंत ते साडेअठ्ठावीस हजारांवर गेलं. त्यात खऱ्या अर्थाने बॉम्बफेक करणाऱ्या भारतीय स्क्वाड्रन, म्हणजे हवाई तुकड्या, दोनच, ७ आणि ८ क्रमांकाच्या. दोघींकडे व्हल्टी व्हेन्जन्स नावाचं अमेरिकी बनावटीचं विमान होतं. जर्मनांच्या स्टुकाने युरोपात जे केलं ते बघून ब्रिटिशांनी मागवलेलं हे डाइव्ह बॉम्बर. दोन माणसं, पुढे पायलट, मागे गनर. पोटात पाचशे पौंडांचे दोन बॉम्ब, पंखांखाली अडीचशेचे दोन.

काम सांगायला सोपं: दहा-बारा हजार फुटांवर जायचं, लक्ष्य डोक्याखाली आलं की विमान उलथवून नाक सरळ जमिनीकडे करायचं, तीन-चार हजार फुटांवर बॉम्ब सोडायचे आणि वर काढायचं. सरळ म्हणजे अक्षरशः उभं. बाकीची बरीच विमानं तिरकी उतरत, याच्या पंखांची बैठकच अशी होती की ते ओळंब्यासारखं खाली येई.

मागचा माणूस शेपटीकडे तोंड करून बसलेला, हातात दोन मशीनगन. विमान नाकावर उभं राहिलं की तो पाठीवर झोपल्यासारखा होतो आणि त्याच्या समोर फक्त आकाश राहतं. जमीन त्याच्या पाठीमागून येत असते. किती उरली हे त्याला दिसत नाही. पायलट वर काढतो तेव्हा अंग खुर्चीत दाबलं जातं त्यावरून कळायचं, चला, या वेळीही निघालो. हे मी आत्यांना सांगितलं नाही. मालकांना सांगितलं, आणि त्यानंतर त्यांनी ‘पायलट’ शब्दाचा आग्रह सोडला.

आता कोणती स्क्वाड्रन? इथे शिवरात्र कामाला आली. आत्यांना तारखा आठवत नाहीत, पण “तार शिवरात्रीला आली” हे त्या ठाम सांगतात, कारण त्याच दिवशी आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. ती तारीख सर्वांना ठाऊक आहे: २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्र. म्हणजे विमान बेपत्ता झालं ते फेब्रुवारीच्या पहिल्या तीन आठवड्यांत. तेव्हा ७ क्रमांकाची स्क्वाड्रन आसामच्या आघाडीवर पोचायची होती. ती मार्चमध्ये गेली. ८ क्रमांकाची मात्र डिसेंबर १९४३ पासून चितगावकडून आराकानवर, म्हणजे बर्माच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रांतावर, उडत होती. फेब्रुवारीत तर आराकानमध्ये जपान्यांनी मोठी चढाई केली होती, मायूच्या डोंगररांगेत आपली ७ वी भारतीय डिव्हिजन वेढली गेली होती आणि तिच्या बचावासाठी रोज विमानं जात होती. पंचांग, आत्यांची आठवण आणि स्क्वाड्रनची हालचाल तिन्ही एकमेकांत बसली. अशा कामात तीन गोष्टी एकमेकींना न विचारता एकच सांगू लागल्या की मी चहा घेतो.

माझ्या दोन चुका

पहिली चूक खडकीची. होळकर पुलाजवळच्या युद्ध स्मशानभूमीत मी मालकांना घेऊन गेलो. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत, पश्चिम आणि मध्य भारतातून, जिथे देखभाल होणार नाही अशा जागांवरून हलवून आणलेल्या; शिवाय पहिल्या महायुद्धातल्या अठराशेवर नावांचं स्मारक. हिरवळीवर सारख्या उंचीचे पांढरे दगड, कर्नल असो की शिपाई, उंची तीच. हवाई दलाचं गरुडाचं चिन्ह दिसलं की आम्ही थांबायचो. वय २१. वय २३. खाली आईबापांनी निवडलेल्या दोन ओळी. मालकांनी तिथल्या माळ्याला विचारलं, आमचं माणूस कुठल्या रांगेत असेल? तो शांतपणे म्हणाला, “साहेब, हिंदू असेल तर कबर कशी असणार?”

मला हे कळायला हवं होतं. सांगायला लाज वाटते, पण ‘पुणे’ आणि ‘युद्धस्मारक’ हे दोन शब्द जोडून मी डोळे मिटून निघालो होतो. शिवाय हा माणूस पुण्याचा असला तरी गेला आराकानात. खडकीला येण्याचं त्याला कारणच नव्हतं.

दुसरी चूक जास्त शहाणपणाची वाटणारी. बर्मात बेपत्ता झालेल्या राष्ट्रकुलाच्या सैनिकांची नावं रंगूनजवळ ताउक्यानच्या स्मारकावर आहेत, जवळजवळ सत्तावीस हजार. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर मी त्या यादीत तीन आठवडे घालवले. आडनावाची सगळी इंग्रजी रूपं करून पाहिली. नाही म्हणजे नाही. मग एका संध्याकाळी त्या स्मारकाचं वर्णन पहिल्या ओळीपासून वाचलं: ते फक्त भूदलासाठी आहे. हवाई दलातले, ज्यांची कबर नाही असे, दक्षिण आणि पूर्व आशियाभर कुठेही पडलेले, सिंगापूरला आहेत. क्रांजीच्या टेकडीवर, १९५७ साली उघडलेल्या स्मारकावर, चोवीस हजारांवर नावांत. त्याचं छत विमानाच्या पंखासारखं आहे.

तिथे तो होता. सापडायला वेळ लागला, कारण आडनावातल्या ‘ळ’चा इंग्रजी कारकुनाने ‘ल’ केला होता आणि वडिलांचं नाव आडनावाच्या जागी बसलं होतं. आपल्या नाव-वडील-आडनाव या तीन पदांनी साहेबाच्या कचेऱ्यांत किती माणसं हरवली असतील कोण जाणे. शेवटी मी नावाने शोधणं सोडून हवाई दल, फेब्रुवारी १९४४ आणि नोंदीच्या तळाशी ‘पूना’ असं शोधलं. हुद्दा, स्क्वाड्रन, वडिलांचं आणि आईचं नाव. त्याच तारखेला त्याच स्क्वाड्रनचं आणखी एकच नाव होतं. पुढच्या खुर्चीवरचा. आडनावावरून दक्षिणेकडचा, वय तेवढंच.

मालकांना फोन केला तर ते आधी काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “सिंगापूरला आम्ही दोनदा जाऊन आलो हो. सफारी बघितली, ती तिथेच कुठेतरी ना?”

दिल्लीत त्याचं नाव नाही, हे ओघात सांगून टाकतो, कारण हा प्रश्न सगळे विचारतात. इंडिया गेटवरची तेरा हजारांहून जास्त नावं पहिल्या महायुद्धातली आणि त्यानंतरच्या अफगाण युद्धातली. २०१९ च्या राष्ट्रीय युद्धस्मारकावरची स्वातंत्र्यानंतरची. आपल्या घोरपडीच्या स्मारकावरचीही स्वातंत्र्यानंतरची. १९३९ ते ४५ मधे गेलेला माणूस या दोन दारांच्या मधल्या बोळात उभा आहे. त्याचं नाव देशाबाहेर दगडावर आहे, आणि ते दगड कोरणाऱ्या संस्थेने त्याला जात, धर्म, हुद्दा न बघता जागा दिली हे मान्य करावं लागतं. साहेबाच्या बाकीच्या हिशोबाबद्दल नंतर भांडू.

त्या वर्षीची नारायण पेठ

मालकांची एक तक्रार होती, आणि ती आत्यांच्या तोंडावर करायचे. “आत्या, तुम्ही लोकांनी काकाचं काही केलंच नाही. ना फोटोला हार, ना पुण्यतिथी. मी विचारलं की विषय बदलायचात.” आत्या म्हणायच्या, “नाही रे केलं. खरंच नाही केलं काही.” आणि गप्प बसायच्या.

न बोलण्याची कारणं समजायला फार खोल जावं लागत नाही. केसरीवाडा हाकेच्या अंतरावर. १९४२ च्या ऑगस्टपासून गावात धरपकड. गांधीजी नदीपलीकडे आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत. १९४३ च्या २४ जानेवारीला कॅम्पातल्या कॅपिटॉल थिएटरात गोऱ्या सोल्जरांसाठी बॉम्ब फुटला, आणि तो फोडणारी मुलं अशाच पेठांतली. त्याच पेठेतला आणखी एक मुलगा गोऱ्यांच्या विमानातून बॉम्ब टाकत होता. पलीकडच्या बाजूला जपान्यांबरोबर आझाद हिंद सेनेच्या तुकड्या होत्या. तो गेल्यावर शेजाऱ्यांनी काय म्हणायचं?

पण इतकं सरळही नव्हतं. सावरकर त्या वर्षांत हिंदू तरुणांनी सैन्यात शिरावं असं गावोगाव सांगत होते आणि वाड्यात हिंदुमहासभेचे लोक होतेच. आत्यांच्या आठवणीत माडीवर राहणारे एक बिऱ्हाडकरू काका आला की पाठ थोपटायचे आणि समोरच्या खोलीतले दार लावून घ्यायचे. एकाच चौकात दोन मतं, मधे पाण्याचा हौद. तार आली तेव्हा दोन्ही घरची माणसं आली आणि दोन्ही घरची माणसं काही न बोलता गेली.

“आजोबांनी तार वाचली आणि डोक्यावरची टोपी काढून पाटावर ठेवली,” आत्या म्हणाल्या. “संध्याकाळी कस्तुरबा गेल्याची बातमी आली. सगळ्या पेठेत बायका रडत होत्या. मला वाटलं, आमच्याकडचेही कस्तुरबांसाठीच रडतायत. कितीतरी दिवस तसंच वाटत होतं.”

तारेत ‘बेपत्ता’ होतं, ‘मृत’ नव्हतं. ब्रिटिश पद्धत अशी: आधी बेपत्ता म्हणून कळवायचं, साधारण सहा महिने काही कळलं नाही की ‘सरकारी कामापुरतं मृत धरण्यात येत आहे’ असं पत्र यायचं. मग पेन्शन. म्हणजे १९४४ च्या पावसाळ्याअखेरीस सरकारदप्तरी हा मुलगा मेला. घरच्यांनी आशा धरली त्यात वेडेपणा नव्हता. बर्मात पकडलेले वैमानिक रंगूनच्या तुरुंगात होते आणि १९४५ च्या मेमध्ये त्यातले बरेच जिवंत सुटले. जपान्यांच्या छावण्यांतले हिंदी कैदी ४५ च्या अखेरीपर्यंत परतत होते. युद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाची पथकं विमानांचे सांगाडे शोधत बर्माच्या जंगलात हिंडली. काही सापडले, पुष्कळ नाही.

माळ्यावरच्या वह्या

इथपर्यंत आल्यावर पाटीचा मजकूर खरं तर तयार होता. हुद्दा, स्क्वाड्रन, तारीख. मी वह्या मागवल्या त्या केवळ तारेचा दिवस पक्का करायला. चौदा वह्या, लांबट. मोडी लिहिणारा आधी पानभर शिरोरेघा ओढून घेतो आणि मग त्यांना अक्षरं टांगत जातो. पणजोबांच्या रेघा पट्टीने मारल्यासारख्या सरळ.

शके १८६५, माघ वद्य. शिवरात्रीच्या पानावर रताळी, साबुदाणा, बेल, दूध. त्याखाली ‘तारवाला, दोन आणे’. त्याखाली काही नाही. त्या दिवसाची बेरीज केलेली नाही. चौदा वह्यांत बेरीज न केलेला मला सापडलेला हा एकच दिवस. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीसारखं: कोथिंबीर, रॉकेल, न्हावी.

मग मी मागेपुढे वाचत गेलो. तार येण्याआधी दर महिन्याला एक ओळ आहे: ‘चि॥’, पुढे मुलाचं घरातलं नाव, ‘कडून मनीऑर्डर’. चि॥ म्हणजे चिरंजीव, हयात धाकट्याच्या नावाआधी लावतो ते. तारेनंतर ‘मनीऑर्डर’ जाऊन ‘सरकारकडून’ आलं, म्हणजे पेन्शनच. पण ओळीच्या सुरुवातीला चि॥ तसाच. १९४४ संपलं, चि॥. स्वातंत्र्य आलं, त्या महिन्यातही चि॥. पैसे वेगळ्या खात्यावर मांडलेले, त्याच्याच नावाच्या, आणि त्यातून कधी एक आणा काढलेला नाही. १९४८ ला आजींचं दुखणं झालं तेव्हा पणजोबांनी सावकाराकडून उसने घेतले. मुलाच्या खात्याला हात लावला नाही. ते पैसे मुलाचे होते, मुलगा आल्यावर मागेल.

शके १८७७. म्हणजे १९५६. माघ वद्यातलं एक पान, ज्यासाठी मी हे प्रकरण लिहितोय. ‘पळसाची पाने. दर्भ. जवाचे पीठ. लोकरीचा दोरा. तूप. नारळ २. टांगा ओंकारेश्वर, जाऊन येऊन. गुरुजी, दक्षिणा.’ सगळा खर्च त्या खात्यावर. आणि खात्याच्या नावाआधी, त्याच सरळ रेघेला टांगलेलं, पहिल्यांदाच: ‘कै॥’.

ज्यांना हा विधी माहीत नाही त्यांच्यासाठी. ज्याचा देह मिळत नाही त्याचा पालाशविधी करतात. पळसाची तीनशे साठ पानं घेऊन माणसाची आकृती रचायची, दर्भाने-लोकरीने बांधायची, जवाचं पीठ लिंपायचं, डोक्याच्या जागी नारळ. मग तिला रीतसर अग्नी द्यायचा. आणि जो बेपत्ता आहे, मेला की जगला कळत नाही, त्याच्यासाठी हे लगेच करायचं नसतं. बारा वर्षं वाट बघायची. एक तप. पणजोबांनी सरकारचं पत्र ट्रंकेत ठेवलं आणि तप मोजलं. १९४४ चा माघ ते १९५६ चा माघ. सरकारने सहा महिन्यांत मारलेला मुलगा बापाने बारा वर्षं जिवंत ठेवला, आणि मग त्याच्याच पैशाने त्याचं सगळं केलं. पुढच्या पानावर उरलेली रक्कम आहे: ‘वाराने जेवणाऱ्या मुलांस’. खातं तिथे बंद.

पुढच्या सगळ्या वह्यांत माघ वद्य ३० ला एक ओळ येते. गुरुजी, दक्षिणा, दूध. महिना ठाऊक पण तिथी ठाऊक नाही तर अमावास्या धरतात. पणजोबांची शेवटची वही पानशेतच्या आदल्या वर्षीची आहे आणि त्यातही ती ओळ आहे.

हे पान मी आत्यांना वाचून दाखवलं. त्यांचं लग्न १९५४ ला झालं होतं, साताऱ्याला दिल्या होत्या. ५६ ला त्या दुसऱ्या बाळंतपणात. घरी कळवलंच नसेल, किंवा कळवलं असेल आणि पत्र सासूने वाचून ठेवून दिलं असेल. त्या मला दोनदा वाचायला लावत होत्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, “नुसतं नारळापासून वाच.”

“नारळ दोन,” मी म्हणालो.

“दोन कशाला?”

मी सांगितलं की दोन नारळ लागायची पन्नास कारणं असतात. एक डोक्याला, एक देवापुढे. एक नासका निघेल म्हणूनही लोक दोन घेतात. वहीत पळसाची पानं किती ते लिहिलेलं नाही, नाहीतर तीनशे साठ की सातशे वीस ते कळलं असतं. आत्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “विमानात दोघं होते ना?”

पुराव्याच्या बाजूने बोलायचं तर यातलं काही सिद्ध होत नाही. माझ्या टाचणात मी तसंच लिहिलं आहे: ‘नारळ दोन, कारण अज्ञात.’ आत्यांनी त्या वर्षी पितृपक्षातल्या चतुर्दशीला, जी शस्त्राने गेलेल्यांची तिथी, दोन पानं वाढायला लावली. गुरुजींनी दुसऱ्याचं गोत्र विचारलं. माहीत नाही म्हटल्यावर ते सवयीने ‘काश्यप’ म्हणाले आणि पुढे गेले.

पाटी

मालकांना आता ‘शहीद’ नको होता. त्यांचा मुलगा, आयटीतला, त्याला हवा होता; बाकीच्या सदनिकाधारकांना पाटीच नको होती, कारण दार वास्तुशास्त्राप्रमाणे आहे आणि दारात मेलेल्या माणसाचं नाव कशाला. ही बैठक मी स्वतः ऐकली आणि तिच्याबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही. तोडगा निघाला तो असा की पाटी दारात न लावता जिन्याच्या पहिल्या वळणावर लावायची, जिथे पूर्वी वाड्याची माळ्याकडे जाणारी शिडी होती.

शब्दांबद्दल माझं मत विचारलं म्हणून सांगितलं. ‘हुतात्मा’ नको, त्या वर्षीच्या नारायण पेठेत तो शब्द दुसऱ्या मुलांचा होता. ‘वीरमरण’ही नको, कारण ते कसं आलं हे कुणी पाहिलेलं नाही. नाव, सार्जंट, वायरलेस ऑपरेटर आणि एअर गनर, भारतीय हवाई दल, आराकान. ‘रॉयल’ लावू नका. ती पदवी हवाई दलाला मार्च १९४५ मध्ये मिळाली, तोवर हा गेला होता. मालकांनी त्याखाली पुढच्या खुर्चीवरच्या मुलाचं नाव घालायला सांगितलं, लहान अक्षरात. ते मी सुचवलं नव्हतं.

कोरणाऱ्याकडे मी मालकांबरोबर गेलो. कारागीर अनुभवी, अक्षरागणिक पैसे घेणारा. मजकूर वाचून त्याने पेन्सिल कानावरून काढली. “नावाआधी कै. राहिलं वाटतं. टाकू ना?”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मी मालकांकडे. मग त्यांनी आत्यांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. कारागिराने पुन्हा विचारलं, मोठ्याने, कारण आत्यांना कमी ऐकू येतं.

“साल कुठलं घालताय?” आत्यांनी विचारलं.

“चव्वेचाळीस,” मालक म्हणाले.

“मग चि. हवं. छप्पन्न घालणार असाल तर कै. टाका.”

कारागिराला काही कळलं नाही. मालकांनी थोडा विचार करून दोन्ही सालं घालायला सांगितली आणि नावाआधी काहीच नको म्हणाले. त्याने कागदावर पुन्हा अक्षरं मोजली, सालांचे आकडे धरून, आणि नवी रक्कम सांगितली.